सुरतेचा कात आणि घशाची गोळी

औषध चिल्लर म्हणून चालतं का? आपल्याकडे कित्येक वर्षं चाललं आहे. दुकानदाराकडे सुट्टा रुपया नसला की तो काचेच्या बरणीत हात घालून घशाची एक गोळी आपल्या हातावर ठेवायचा, आणि आपणही काही न बोलता ती तोंडात टाकून चालू लागायचो. पणजी, मडगाव, मुंबई, सुरत, सगळीकडे हेच. मोबाइलवरून पैसे द्यायची सोय झाल्यापासून ही चाल बरीच कमी झाली, पण बरणी अजून गल्ल्याशेजारीच असते. तापाची गोळी कुणी सुट्ट्या पैशांऐवजी दिल्याचं ऐकिवात नाही. मग हा मान घशाच्या गोळीलाच का? ती औषध आहे की खाऊ?

प्रश्न गमतीचा वाटतो, पण तसा नाही. त्याचा माग काढत गेलं की वाट सुरतेवरून जाते, आणि मधे मधे आमच्या गोव्यातूनही.

मराठी माणसाला सुरत माहीत असते ती शाळेच्या पुस्तकातून. १६६४ ची पहिली लूट, १६७० ची दुसरी. तिथे लुटण्यासारखं इतकं होतं तरी काय, हे मात्र पुस्तक फारसं सांगत नाही. सोनं-रुपं आणि कापड होतंच. पण तापीकाठच्या त्या वखारींत औषधी मालाचाही मोठा वाटा असे. इराणकडून येणारं ज्येष्ठमध आणि हिंग, पूर्वेच्या बेटांवरून येणारी लवंग, जायपत्री, कंकोळ, कापूर. डच वखार सुरतेत १६१६-१७ च्या सुमारास आली आणि पुढे लवंग-जायफळाचा भाव मोलुक्का बेटांतल्या मक्तेदारीच्या जोरावर तीच ठरवू लागली. ज्येष्ठमध आपण इतकं घरचं मानतो, पण ते मूळचं इथलं झाड नव्हे. आजही आपण ते मोठ्या प्रमाणावर बाहेरूनच आणतो. आजीच्या बटव्यातल्या निम्म्या वस्तू जहाजातून उतरलेल्या आहेत म्हणा ना!

एक वस्तू मात्र अस्सल इथली होती. कात.

गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये गोव्यात आला आणि पुढे गोव्याचाच झाला. भारतातल्या औषधींवरचं त्याचं संवादरूप पुस्तक १५६३ साली गोव्यातच छापलं गेलं. त्यात कातावर एक स्वतंत्र संवाद आहे. कात हेच ग्रीकांचं लायसियम असावं असा ओर्ताचा तर्क होता. तो काही टिकला नाही, पण त्याने दिलेली माहिती पाहण्याजोगी आहे. कात कुठे होतो? तर खंबायतच्या राज्यात, वसई-दमणच्या पट्ट्यात. म्हणजे सुरतेच्या दक्षिणेचा आणि पूर्वेचा तो सगळा जंगली मुलूख. तिथून तो मलाक्का आणि चीनपर्यंत जाई. (ओर्ता १५६८ मध्ये वारला. तो गुप्तपणे ज्यू धर्म पाळत होता असं ठरवून इन्क्विझिशनने १५८० मध्ये त्याची हाडं उकरून जाळली. त्याचं पुस्तक मात्र तोवर युरोपभर पसरलं होतं.)

हा कात करायचं कोण? त्याचं उत्तर एका जमातीच्या नावातच आहे. रायगड-ठाण्याकडचे कातकरी आणि तापी, डांग, सुरत भागातले काथोडी. दोन राज्यांनी दोन नावं दिलेली ही एकच माणसं. खैराच्या गाभ्याच्या ढलप्या मडक्यांतून उकळायच्या, काढा आटवून घट्ट करायचा, निववून त्याच्या वड्या पाडायच्या. जंगलात महिनोन् महिने भट्टीशेजारी राहून करायचं काम. १८७८ च्या वन कायद्यानंतर राखीव जंगलात खैर तोडणं हा गुन्हा ठरला, आणि ज्या कामाने जमातीला नाव दिलं ते कामच हातातून गेलं. पुढच्या पिढ्या कोळशाच्या आणि विटांच्या भट्ट्यांवर उचल घेऊन राबू लागल्या. आज दोन्ही राज्यांत ही जमात सर्वांत असुरक्षित आदिवासी गटांत मोडते. घशाच्या गोळीचा इतिहास लिहिताना ही माणसं सहसा कुणाला आठवत नाहीत.

कारण घशाची गोळी म्हणजे मुळात कात. चरकसंहितेत, चिकित्सास्थानात मुखरोगांसाठी खदिरादि गुटिका सांगितली आहे. खदिर म्हणजे खैर. ही गोळी गिळायची नाही, चावायची नाही, तोंडात धरायची. औषध पोटात न पाठवता घशाशी रेंगाळत ठेवायचं ही सगळी कल्पना त्या एका सूचनेत आली. काताचा तुरटपणा सुजलेल्या त्वचेला आवळतो, लाळ सुटते, घसा ओला राहतो. पुढे जुन्नरच्या लोलिंबराजाने पत्नी रत्नकला हिला उद्देशून ‘वैद्यजीवन’ रचलं, त्यात खोकल्यावरची लवंगादि वटी आली. लवंग, मिरी, बेहडा आणि कात, बाभळीच्या सालीच्या काढ्यात घोटून केलेली. ही वटी आजही त्याच नावाने औषधांच्या दुकानात मिळते. साडेतीनशे-चारशे वर्षं एकाच नावाने चाललेलं औषध आपल्याकडे विरळा, आणि ते एका मराठी मुलखातल्या कवीचं आहे याचा थोडा अभिमान बाळगायला हरकत नाही.

जुन्नरवरून आठवलं. जॉन फ्रायर हा ईस्ट इंडिया कंपनीचा सर्जन. सुरत आणि मुंबईच्या वखारीतून काम करणारा. १६७५ मध्ये त्याला जुन्नरच्या मोगल अधिकाऱ्याने जनानखान्यातल्या एका रुग्णासाठी बोलावून घेतलं. पडद्याआडून एक हात पुढे आला. फ्रायरने नाडी पाहिली आणि हिला काहीच झालेलं नाही असं सांगून टाकलं. तो हात एका धडधाकट दासीचा होता, वैद्याची परीक्षा घ्यायला पुढे केलेला! परीक्षेत उतरल्यावर मग खऱ्या रुग्णाचा हात आला. डॉक्टरवर आधी विश्वास ठेवायचा की आधी त्याला तपासायचं, हा प्रश्न तेव्हाही होता.

हाच फ्रायर त्यानंतर गोव्याला आला, आणि इथे त्याने ज्या वस्तूची नोंद केली ती म्हणजे ‘गोव्याचा दगड’. जेजुइटांच्या सेंट पॉल कॉलेजचा गास्पार आंतोनियो नावाचा एक धर्मबंधू, मूळचा फ्लॉरेन्सचा, तो हे दगड बनवी. बेझोअर म्हणजे बकऱ्यासारख्या जनावराच्या पोटात तयार होणारा खडा, त्याची पूड, कस्तुरी, अंबर, पोवळं, मोती असं काय काय घोटून त्याचा गोळा करायचा आणि वर सोन्याचा वर्ख लावायचा. ताप, विष, हृदयरोग, सगळ्यावर चाले. चिमूटभर खरवडून पाण्यात किंवा वाइनमध्ये घ्यायचा. युरोपात याची इतकी चलती झाली की सोन्याच्या जाळीदार डब्या करून त्यांत हे दगड ठेवत. न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन संग्रहालयात असा एक दगड डबीसकट आहे. त्याने कुणाचा ताप उतरला असेल असं मला वाटत नाही. पण एका गोष्टीत तो आजच्या अनेक औषधांचा पूर्वज शोभतो. डबी जितकी सुंदर तितका विश्वास अधिक.

बरोबर याच काळात कोचीनमध्ये नेमकं उलट काम चाललं होतं. डच गव्हर्नर हेंड्रिक व्हान रेडे मलबारच्या वनस्पतींची नोंद करत होता, डबीपेक्षा झाडाकडे बघून. त्याला मदत करणाऱ्यांत इट्टी अच्युतन हा केरळी वैद्य होता आणि तीन कोकणी वैद्य होते. रंगा भट, विनायक पंडित आणि अप्पू भट. पोर्तुगीज छळामुळे गोवा सोडून गेलेल्या घराण्यांचे वंशज. त्यांनी १६७५ मध्ये नागरी लिपीत, कोकणीत लिहून दिलेलं प्रमाणपत्र ‘होर्तुस मलाबारिकुस’च्या पहिल्या खंडात छापलं आहे. बारा खंड, १६७८ ते १६९३. व्हान रेडे डिसेंबर १६९१ मध्ये सुरतेच्या वाटेवर जहाजात वारला आणि त्याला पुरलं ते सुरतेत. सुरतेच्या डच दफनभूमीतली त्याची कबर अजून उभी आहे, देवळासारखी नि मशिदीसारखी एकदम दिसणारी. गोव्याहून पळालेल्या वैद्यांचं ज्ञान ज्याने जगापुढे नेलं तो सुरतेच्या मातीत आहे, ही गोष्ट आमच्या गोव्यात फार थोड्यांना ठाऊक आहे.

असो. गोळीकडे येऊ.

इंग्रजीत या गोळीला लॉझेंज म्हणतात, म्हणजे शंकरपाळ्याचा आकार. साखर आणि डिंकाचा लगदा लाटून त्याच्या शंकरपाळ्यांसारख्या वड्या कापत, त्यावरून हे नाव. साखर आली आणि खेळ बदलला. कडू-तुरट गुटिका कुणी हौसेने तोंडात धरत नाही. गोड गोळी मात्र मूल मागून घेतं. इंग्रजीतला कँडी हा शब्द मुळात आपल्या ‘खंड’पासून, खडीसाखरेतल्या ‘खडी’चा भाऊबंद, अरबी-फारसीतून तिकडे गेला. ब्रिटिश औषधकोशात एकोणिसाव्या शतकात काताचीही लॉझेंज होती. फक्त त्यातला कात खैराचा नव्हता, सिंगापूरकडच्या गँबिअर नावाच्या वेलीचा होता. नाव आपल्याकडून गेलं, माल दुसरीकडून!

त्याच औषधकोशात मॉर्फिनची लॉझेंजही होती. खोकल्यावर. आणि खोकला थांबे यात शंका नाही, कारण अफू खोकल्याची उबळ मेंदूतच दाबून टाकते. अफूचा विषय निघाला की गोवेकराने मान खाली घालावी. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात माळव्याची अफू ब्रिटिशांची जकात चुकवून राजस्थान, कराचीमार्गे पोर्तुगीजांच्या दमणला उतरे आणि तिथून चीनला जाई. या धंद्यातलं एक बडं नाव म्हणजे मुंबईतले गोवेकर व्यापारी रोजेरियो द फारिया. १८४३ मध्ये ब्रिटिशांनी सिंध घेतला तेव्हा ही वाट तुटली. सुरत ते दमण म्हणजे शंभर किलोमीटरच्या आसपास. ज्या किनाऱ्याने जगाला कात दिला त्यानेच अफूही दिली. कोडीन हे अफूतलंच एक द्रव्य. त्याची खोकल्याची औषधं आज डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत, आणि तरी त्यांची नशा कुठे कुठे चालते हे वेगळं सांगायला नको.

गोड गोळीचा सर्वांत भयंकर दिवस इंग्लंडमध्ये आला. ऑक्टोबर १८५८, ब्रॅडफर्ड. पेपरमिंटच्या गोळ्यांत साखर महाग म्हणून जिप्सम मिसळायची तिथे पद्धत होती. गोळ्या करणाऱ्याने माणूस औषधवाल्याकडे पाठवला. औषधवाला आजारी होता, मदतनिसाने चुकीच्या पिंपातून बारा पौंड पांढरी पूड काढून दिली. तो सोमल होता. बाजारात त्या गोळ्या विकल्या गेल्या. वीसेक माणसं मेली, त्यांत मुलं बरीच, आणि दोनशेच्या आसपास आजारी पडली. शिक्षा कुणालाच झाली नाही, कारण मोडला गेला असा कायदाच नव्हता. विषारी द्रव्यं कुणी आणि कशी विकायची याचा इंग्लंडचा १८६८ चा फार्मसी कायदा आला त्यामागे ब्रॅडफर्डच्या मुलांचा वाटा आहे. खाऊ आणि औषध एकाच बरणीत ठेवलं की काय होतं त्याचं हे टोक.

आपल्याकडच्या बरणीतल्या गोळ्या विसाव्या शतकातल्या. हॉल्स १९३० च्या दशकात लँकेशायरमध्ये निघाल्या. स्ट्रेप्सिल्स बूट्स कंपनीने १९५८ मध्ये आणल्या. विक्स बनवणारी रिचर्डसन हिंदुस्तान ही कंपनी इथे १९६४ मध्ये उभी राहिली आणि १९८५ मध्ये प्रॉक्टर अँड गँबल इंडिया झाली. घशातल्या ‘खिचखिच’ला तो शब्द जाहिरातीने इतका चिकटवला की आता डॉक्टरकडेही लोक तेच सांगतात. तीन गोळ्या सारख्या दिसतात, पण सारख्या नाहीत. स्ट्रेप्सिल्समध्ये दोन सौम्य जंतुनाशकं असतात. विक्सच्या पाकिटावर बारीक अक्षरात आयुर्वेदिक औषध असं छापलेलं सापडेल. हॉल्समध्ये मुख्यतः मेंथॉलचा थंडावा आणि साखर. आणखी काही गोळ्यांत घसा बधिर करणारं बेंझोकेन असतं, तर काहींत खोकला दाबणारं डेक्स्ट्रोमेथॉर्फन. बरणीत हात घालणाऱ्याला हा फरक ठाऊक असतोच असं नाही.

आणि कायदा? चिठ्ठीशिवाय विकायची औषधं असा वेगळा वर्ग आपल्या कायद्याने अजून आखलेला नाही. जे चिठ्ठीच्या यादीत नाही ते आपोआप मोकळं. १९४५ च्या औषध नियमांच्या ‘के’ परिशिष्टात मात्र एक लक्षात राहण्याजोगी नोंद आहे. हजारापर्यंत लोकवस्तीच्या खेड्यात खोकल्याच्या गोळ्या, वेदनाशामक बाम, ग्राइप वॉटर असली घरगुती औषधं परवान्याशिवाय विकायला मुभा. जिथे फार्मसी नाही तिथे किराणा दुकानदाराने द्यावीत, हा हेतू. हेतू चांगलाच होता. पण हजार वस्तीच्या खेड्यासाठी केलेली सोय आपण मनानेच पन्नास लाखांच्या शहरांनाही लावून टाकली.

आता सुरतेत परत येतो, कारण या सगळ्याची खरी कसोटी तिथेच लागली. सप्टेंबर १९९४.

त्याआधीचा धागा मराठवाड्यात आहे. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला. त्यानंतर वर्षभरात, ऑगस्ट १९९४ मध्ये, बीड जिल्ह्यातल्या मामला गावी गाठीच्या प्लेगचे रुग्ण आढळले. उद्ध्वस्त घरांत साठलेलं धान्य आणि वाढलेले उंदीर यांच्याशी त्याचा संबंध जोडला गेला. सुरतेत त्या वर्षी पाऊस प्रचंड झाला होता, तापीचं पाणी सखल वस्त्यांत शिरून ओसरलं होतं, कचरा आणि मेलेली जनावरं तशीच पडून होती. अनंत चतुर्दशी १८ सप्टेंबरला झाली. त्यानंतर दोन-तीन दिवसांत वेड रोड, कतारगाम भागातून ताप, खोकला, छातीत दुखणं आणि थुंकीतून रक्त अशा तक्रारींचे रुग्ण इस्पितळात येऊ लागले. फुप्फुसाचा प्लेग. हा खोकल्यातून पसरतो.

सुरतेला प्लेग नवा नव्हता. ओव्हिंग्टन हा इंग्रज पाद्री १६८९ मध्ये तिथे आला तेव्हा प्लेग सहा वर्षं ठाण मांडून असल्याचं त्याने लिहून ठेवलं आहे. पण १९९४ मध्ये आगगाड्या होत्या आणि टीव्ही होता. काही दिवसांत लाखो माणसं शहर सोडून गेली. त्यांत खाजगी डॉक्टरही होते, औषधांची दुकानंही बंद झाली. ओडिशाचे, उत्तर प्रदेशचे, सौराष्ट्राचे आणि आपल्या खानदेशचे कामगार आपापल्या गाडीला लटकले. उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत धुळे, जळगाव, नंदुरबारची माणसं पिढ्यान् पिढ्या आहेत. यंत्रमागावर कापड विणणारी, तापीच्या वरच्या अंगाकडून खालच्या अंगाला आलेली. त्यांच्यासाठी सुरत परकी नव्हती, जळगावची गाडी उधन्यालाच मिळते. त्या आठवड्यात त्या गाड्यांतून खोकणाऱ्या माणसाकडे बाकीचे कोणत्या नजरेने पाहत असतील याची कल्पना २०२० नंतर आपल्याला वेगळी करावी लागत नाही.

आणि टेट्रासायक्लिन! प्लेगवर हे प्रतिजैविक चालतं ही बातमी फुटताच ते देशभर दुकानांतून नाहीसं झालं. ज्यांना साधं पडसं होतं त्यांनी घेतलं, ज्यांना काहीच नव्हतं त्यांनी घेतलं, लहान मुलांना दिलं, कपाटात साठवलं. जिथे खरोखर हवं होतं तिथे तुटवडा पडला. सरकारने नंतर घरोघर कॅप्सूल वाटले आणि ते योग्यही होतं, कारण रुग्णाच्या निकट असलेल्यांना ते प्रतिबंधासाठी द्यावंच लागतं. पण मुंबई-दिल्लीत घाबरून दोन कॅप्सूल गिळून उरलेले खिशात ठेवणाऱ्याला त्यातून काहीच मिळालं नाही. टेट्रासायक्लिनने आठ वर्षांखालच्या मुलांचे दात कायमचे पिवळे-करडे होतात, गरोदरपणी ते टाळायचं असतं. हे दुकानात कोण कुणाला सांगत होतं? सवय तर बरणीची होती. हात घालायचा, तोंडात टाकायची.

त्या साथीत पन्नासहून अधिक मृत्यू झाल्याची सरकारी नोंद आहे. तो प्लेगच होता का यावर बराच काळ वाद झाला. डॉ. व्ही. रामलिंगस्वामी यांच्या समितीने चौकशी केली आणि पुढे जंतूंच्या जनुकीय तपासणीतून प्लेगच असल्याचं पक्कं झालं. मे १९९५ मध्ये एस. आर. राव महापालिका आयुक्त म्हणून आले आणि त्यांनी सुरत अशी धुऊन काढली की देशातली स्वच्छ शहरं मोजताना तिचं नाव येऊ लागलं. शहर कसं झाडायचं हे सुरतेने सगळ्यांना शिकवलं. औषधाचं दुकान कसं वापरायचं ते मात्र ना सुरत शिकली ना पणजी.

मग गोळी वापरायचीच नाही का? तसं मुळीच नाही. माझ्या मते घशाची गोळी हे फार शहाणं औषध आहे, तिच्याकडून तिचंच काम करून घेतलं तर. बहुतेक घसादुखी विषाणूंची असते आणि आठवड्याभरात आपली आपण जाते. तोवर घसा ओला आणि सुसह्य ठेवणं एवढंच गोळीचं काम. चरकाचीच सूचना पाळावी, तोंडात धरून हळूहळू विरघळू द्यावी. कडाकडा चावून खाल्ली की औषध घशाला लागण्याआधीच पोटात जातं. निजताना तोंडात ठेवू नये, ती श्वासनलिकेत अडकू शकते. याच कारणाने लहान मुलांना ती देऊच नये. बहुतेक गोळ्यांची वयोमर्यादा सहा वर्षं असते, आणि त्याआधी कोमट पाणी नि आमच्याकडचा कसाय पुरतो. बेंझोकेनची गोळी तर दोन वर्षांखालच्या मुलाला अजिबात नाही, त्याने रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्तीच घटू शकते. मोठ्यांनीही ती चघळल्यावर लगेच गरम चहा घेऊ नये, बधिर घशाला भाजलेलं कळत नाही. नैराश्यावरची औषधं चालू असलेल्याने डेक्स्ट्रोमेथॉर्फनची गोळी विचारल्याशिवाय घेऊ नये.

मधुमेह असलेल्यांसाठी एक हिशेब. साखरेच्या एका गोळीत साधारण अडीच ग्रॅम साखर धरली तर दिवसाला आठ गोळ्यांची वीस ग्रॅम झाली. चार-पाच चमचे! चहा बिनसाखरेचा घेणारी मंडळी दिवसभर गोळ्या चघळताना दिसतात तेव्हा मला हसू येतं आणि काळजीही वाटते. ज्येष्ठमधाचंही तेच. नैसर्गिक म्हणून रोज आठवडेच्या आठवडे तोंडात ठेवलं तर त्यातल्या ग्लिसिरायझिनने रक्तदाब चढतो आणि पोटॅशियम उतरतं. रक्तदाबाच्या रुग्णाने हे आपल्या डॉक्टरच्या कानावर घालावं.

पण खरी भीती गोळीने काय होतं याची नाही, गोळीमागे काय लपतं याची आहे. पाच ते पंधरा वयाचं मूल, घसा अचानक दुखू लागलेला, ताप, मानेच्या गाठी सुजलेल्या आणि खोकला नाही. हे ‘खोकला नाही’ ऐकून आई-बाप निश्चिंत होतात. डॉक्टर उलट सावध होतो, कारण स्ट्रेप्टोकॉकस जंतूच्या घसादुखीत खोकला सहसा नसतो. ती उपचाराविना राहिली तर काही मुलांना दोन-तीन आठवड्यांनी संधिवाताचा ताप येतो आणि हृदयाच्या झडपा कायमच्या खराब होतात. श्रीमंत देशांतून हा रोग जवळजवळ गेला. आपल्याकडे नाही. गोळीने दुखणं दबलं, मूल शाळेत गेलं, आणि झडप गेली असं होऊ शकतं. तसंच दोन आठवड्यांहून जास्त चाललेला खोकला. त्याची थुंकी क्षयासाठी तपासायची हा सरकारी नियम आहे आणि तपासणी फुकट आहे. सुरतेच्या वर खंबायत आहे. तिथे अकीकाचे मणी घासणाऱ्यांच्या फुप्फुसात दगडाची धूळ बसून सिलिकोसिस होतो. हाही सुरुवातीला साधा खोकलाच वाटतो.

आणि आपला कात? तो आता घशासाठी थोडाच उकळतो. पानात जातो, गुटख्यात गेला. गुटखाबंदी गोव्याने २००५ मध्ये आणली, महाराष्ट्र आणि गुजरातने २०१२ मध्ये. पुड्या सुपारी आणि तंबाखूच्या वेगवेगळ्या करून विकल्या जातात हे सगळ्यांना दिसतं. तोंडाचा वास मारायला वर पुदिन्याची गोळी असतेच. तिखट झोंबू लागलं, तोंडात आपलीच तीन बोटं उभी मावेनाशी झाली, किंवा आवाज तीन आठवडे बसलेला राहिला, तर तो गोळीचा विषय उरलेला नसतो.

सुरत महापालिकेच्या प्राथमिक शाळा गुजरातीबरोबर मराठी, हिंदी, उर्दू, ओडिया, तेलुगू आणि इंग्रजी अशा सात माध्यमांत चालतात. गोळीच्या पाकिटामागची वयोमर्यादा आणि प्रमाण मात्र बहुतेक वेळा एकाच भाषेत, इंग्रजीत, आणि भिंगाशिवाय न दिसणाऱ्या अक्षरांत असतं. औषधाच्या दुकानात नोंदणी झालेला फार्मासिस्ट हजर असायला हवा, असा कायदाच आहे. बरणीत हात घालण्याआधी त्यालाच विचारायचं, घरात आठ वर्षांचं मूल आहे, साखर आहे, दाबाची गोळी चालू आहे, यातली कुठली देऊ? उधन्याला तर अहिराणीत विचारलं तरी त्याला कळेल.